मुलांसाठीचा सुकामेव्याचा लाडू हा खाऊच राहू द्यावा

थंडीची चाहूल लागली की खजूर आणि सुकामेव्याच्या लाडवांच्या चित्रफिती सगळीकडे दिसू लागतात आणि जवळजवळ प्रत्येकीत तीच तीन आश्वासने असतात: यात साखर अजिबात नाही, याने मुलांचे रक्त वाढते आणि रोज एक खाल्ला की बुद्धी तल्लख होते. घरी लाडू करण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. बिस्किटांच्या पुड्याऐवजी मुलांच्या हातात घरी भाजलेल्या, घरी वळलेल्या जिनसांचा खाऊ पडावा असे मला मनापासून वाटते. मात्र या लाडवाला आपण जो औषधाचा दर्जा देऊन बसलो आहोत, त्यामुळे तो नको तितका गोड, नको तितका मोठा आणि नको तितका महाग झाला आहे, आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

आधी साखरेचे पाहू. मऊ खजुराच्या वजनाचा साधारण 60 ते 65 टक्के भाग साखरेचाच असतो. बाजारात मिळतो तसा 30 ग्रॅमचा लाडू घेतला आणि त्यात निम्मा खजूर धरला, तर त्या एका लाडवातून सुमारे 10 ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे दोन चमचे भरून, पोटात जाते. ही साखर फळातली आहे, तिच्यासोबत तंतू आणि काही खनिजे येतात, म्हणून ती गोळ्या-चॉकलेटच्या साखरेपेक्षा बरी आहे हे मला मान्य आहे. पण ती नाहीच असे सांगितले की आई-बाबा निर्धास्त होतात आणि मूल एकाच्या जागी तीन लाडू खाते. पेढा देताना आपला हात जसा आखडतो, तसा खजुराचा लाडू देताना आखडत नाही, खरी अडचण ती आहे.

रक्तवाढीचेही तसेच आहे. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे 4 ते 6 वर्षांच्या मुलाला दिवसाला 11 मिलिग्रॅम लोह लागते, आणि एका लाडवातल्या खजुरातून मिळणारे लोह एक मिलिग्रॅमच्याही आत असते. शिवाय वनस्पतीतले लोह शरीरात कमी शोषले जाते. त्यासोबत लिंबू, आवळा किंवा पेरू असेल तर ते शोषण वाढते, आणि चहा असेल तर घटते. मूल फिकट दिसत असेल, लवकर दमत असेल, तर हिमोग्लोबिन तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार करावेत; लाडवाच्या भरवशावर महिनेच्या महिने घालवणे त्या मुलावर अन्याय करणारे आहे. बदामाने बुद्धी वाढते या समजुतीबद्दल इतकेच म्हणेन की वाढत्या मेंदूला पुरेसे आणि विविध अन्न लागते, आणि ते देण्याचा मक्ता कोणत्याही एका बीकडे नाही.

मला सर्वांत जास्त खटकते ती लाडवाची किंमत. बदाम, अक्रोड, पिस्ते, अंजीर यांच्याशिवाय लाडू झालाच नाही, अशी समजूत आता इतकी पक्की झाली आहे की ज्या घराला हे परवडत नाही, त्या घरातली आई स्वतःला दोष देते. वास्तविक 100 ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे 25 ग्रॅम प्रथिने असतात, बदामात सुमारे 21 आणि अक्रोडात 15. बदामात ई जीवनसत्त्व आणि कॅल्शियम जास्त आहे, अक्रोडात ओमेगा-3 आहे, हे खरेच. परंतु कॅल्शियमसाठी आपल्याकडे तीळ आहेत, तेही सालासकटचे, कारण पॉलिश केलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात ते बरेच कमी होते. तीव्र कुपोषित मुलांसाठी जगभर वापरला जाणारा तयार उपचार-आहार 1996 मध्ये फ्रान्समध्ये विकसित झाला, त्याचा पाया शेंगदाण्याची पेस्ट, दूधपावडर, तेल आणि साखर हा आहे. असे असताना शेंगदाण्याला गरिबाचा बदाम म्हणून दुय्यम ठरवणे मला पटत नाही; तो त्याच्या स्वतःच्या गुणांवर मुलांच्या लाडवात शोभतो.

आपल्या मातीतल्या जिनसाही कमी नाहीत. वेंगुर्ल्याकडचा काजू आहे, तासगाव-सांगलीचा बेदाणा आहे. पुरंदरचे अंजीर प्रसिद्ध आहे, पण ते प्रामुख्याने ताजे खाल्ले जाते. दुकानात दोरीत ओवलेले सुके अंजीर मिळते ते बहुधा अफगाणिस्तानातून आलेले असते. परवडत असेल तर जरूर घालावे, दोन-चार अंजिरांनी चव छान येते. बेदाणा निवडताना मात्र एक लक्षात घ्यावे की अगदी एकसारखा, चकचकीत पिवळा रंग बऱ्याचदा गंधकाच्या धुरीने आणलेला असतो. दम्याचा त्रास असलेल्या मुलासाठी तर धुरी न दिलेला, थोडा तपकिरी बेदाणाच घ्यावा.

करण्याची रीत सोपी आहे, तिच्यात फक्त घाई चालत नाही. 250 ग्रॅम खजुराला मी 400 ग्रॅम सुका ऐवज घेते: अर्धे शेंगदाणे, उरलेल्या अर्ध्यात तीळ, सुके खोबरे आणि घरात असतील ते काजू किंवा बदाम. शेंगदाणे आधी ताटात पसरून निवडावेत. काळपट, सुरकुतलेला किंवा बुरशीचा डाग असलेला प्रत्येक दाणा काढून टाकावा, कारण त्या बुरशीचे विष भाजल्यानेही पूर्ण जात नाही. दाणे मंद आचेवर, बोटांत चुरगाळले की साल सुटेल इतके भाजावेत. तीळ तडतडू लागताच ताटात काढावेत, नाहीतर कढईच्या उष्णतेनेच ते कडवट होतात. खोबऱ्याचा कीस सर्वांत शेवटी, बदामी रंग येईपर्यंत. खजूर बिया काढलेला आणला असला तरी एकेक फळ बोटांनी उघडून पाहावे. आत काळी भुकटी किंवा बारीक अळी असेल तर ती बाहेरून कळत नाही आणि मिक्सरमध्ये गेल्यावर तर मुळीच कळत नाही.

मग सगळे पूर्ण गार होऊ द्यावे. गरम कूट दळला की वाफ धरते आणि लाडू लवकर खवट होतो. मिक्सर थांबत थांबत फिरवावा. मोठ्या मुलांसाठी थोडी भरड चालते, पण दाण्यांचा निम्मा भाग तेल सुटू लागेल इतका बारीक करावा, म्हणजे कमी खजुरातही लाडू वळला जातो. खजूर कमी ठेवण्याची किल्ली हीच आहे. चमचाभर तुपावर खजूर मऊ होऊन त्याचा गोळा जमेपर्यंत परतावा, त्यात कूट, वेलदोड्याची पूड आणि किंचित सुंठ घालून कोमट असतानाच मळावे आणि लहान लिंबाहूनही लहान लाडू वळावेत. साधारण 15 ग्रॅमचा एक लाडू मुलाला पुरतो. एवढ्या साहित्यात चाळीसच्या वर होतात. पाण्याचा हात अजिबात लागू देऊ नये. कोकणात आणि मुंबईत, जिथे हवा दमट असते, तिथे डबा फ्रीजमध्येच ठेवावा, आणि अक्रोड घातला असेल तर कुठेही असाल तरी फ्रीजमध्येच ठेवावा, कारण अक्रोडाचे तेल फार लवकर बिघडते.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र जराही ढिलाई करू नये. पाच वर्षांखालच्या मुलाच्या लाडवात अख्खा किंवा अर्धा दाणा, बदामाचा काप, बेदाणा असे काहीही राहू देऊ नये, कारण हे तुकडे श्वासनलिकेत अडकू शकतात, आणि मूल पळताना, हसताना खात असेल तर हा धोका आणखी वाढतो. त्यांच्यासाठी कूट पिठासारखा बारीक हवा आणि लाडू हातात न देता कुस्करून, खाली बसवून भरवावा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेले काहीही देऊ नये. सुकामेव्याचा पदार्थ पहिल्यांदा देताना एका वेळी एकच जिन्नस, अगदी थोडा, दिवसा द्यावा आणि अंगावर गांधी उठतात का, ओठ सुजतात का, उलटी होते का याकडे लक्ष ठेवावे. घरात कोणाला अॅलर्जी असेल किंवा बाळाला तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

लाडू केव्हा द्यावा, यालाही महत्त्व आहे. खजूर चिकट असतो आणि दाढांच्या खाचांत बराच वेळ राहतो, त्यामुळे दिवसभर येता-जाता डब्यातून लाडू उचलण्याची सवय दातांना वाईट. जेवणासोबत किंवा जेवण झाल्यावर एक द्यावा आणि नंतर चूळ भरायला लावावी. शाळेतून आलेल्या भुकेल्या मुलाला आधी पोळी-भाजी किंवा उपमा, आणि मग लाडू.

वाढदिवसाला वर्गात हे लाडू वाटण्याची पद्धत आता बऱ्याच ठिकाणी दिसते आणि चॉकलेटपेक्षा ती मला नक्कीच आवडते. पण वर्गात एखाद्या मुलाला शेंगदाणे, काजू किंवा तीळ चालत नसतील तर एकच घास महागात पडू शकतो, म्हणून आदल्या दिवशी बाईंना विचारून घ्यावे. तसे कोणी असेल तर डाळं, भाजलेल्या भोपळ्याच्या बिया आणि फुललेला राजगिरा घालून खजुरातच लाडू वळता येतात, मात्र त्यासाठी कढई, मिक्सरचे भांडे आणि ताटे आधी स्वच्छ घासून घ्यावीत.