उकळलं म्हणजे झालं?

"रात्रभर ओट्यावर राहिलेलं अन्न टाकू नका. आंबूस वास नसेल तर खळखळून उकळा, सगळे जंतू मरतात. गरम अन्न मात्र फ्रिजमध्ये ठेवू नका, विषारी होतं. आम्ही वर्षानुवर्षं हेच करतोय, काही झालं नाही." हा मेसेज सध्या जोरात फिरतोय.

आधी वासाचं बघू. अन्न आंबवणारे, बुळबुळीत करणारे जिवाणू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे बहुधा वेगळे. साल्मोनेला असलेल्या अन्नाचा रंग, वास, चव जशीच्या तशी असू शकते. वास आला तर टाकाच, पण वास नाही म्हणून ते चांगलं आहे असं होत नाही.

उकळण्याचा सल्ला जास्त घातक, कारण तो अर्धा खरा आहे. बहुतेक जिवाणू उकळल्यावर मरतात, कबूल. पण स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूने अन्नात आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही. भाताचंच घ्या. तांदळावर बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू (टणक कवचातलं सुप्त रूप) असू शकतात आणि ते शिजवण्यातून तगतात. भात कोमट होऊन तसाच पडून राहिला की ते रुजतात, वाढतात. त्यांतले काही प्रकार सेरेउलाइड नावाचं विष बनवतात. ते १२१ अंश सेल्सिअसलाही टिकतं, आणि आपलं पातेलं उकळतं १०० च्या आसपास! खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू. अनुकूल उबेत जिवाणू साधारण २० मिनिटांत दुप्पट होतात, म्हणजे चार तासांत एकाचे ४,०९६. रात्र तर त्याहून बरीच मोठी असते.

फ्रिजमध्ये ठेवल्याने गरम अन्न विषारी बिषारी काही होत नाही. अडचण भल्यामोठ्या वाफाळत्या पातेल्याची असते: शेजारचे पदार्थ कोमट होतात आणि त्याचा मधला भाग तासन्‌तास निवत नाही. उथळ डब्यांत काढा, वाफ गेली की आत ठेवा. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको आणि फ्रिज ५ अंशांच्या खाली हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरी फ्रिज जिवाणू मारत नाही, त्यांचा वेग कमी करतो. लिस्टेरिया तर तिथेही वाढतो.

राहिलं "काही झालं नाही". साल्मोनेलाची लक्षणं सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही दिसू शकतात. पोट बिघडलं की आपण नाव घेतो ते शेवटच्या जेवणाचं. तीन दिवसांपूर्वीचं उरलंसुरलं कुणाला आठवतंय?