नववीला मोबाइलपासून वाचवण्याचे अनुभवसिद्ध उपाय

शिक्षक बंधू-भगिनींनो, परवाच्या पालकसभेत तुमच्यातल्याच एका सरांनी आम्हाला 'मोबाइलचा विळखा' या विषयावर तासभर सुनावलं. पडद्यावर मेंदूचं चित्र होतं, त्यातला अर्धा भाग लालभडक. आम्ही माना डोलावल्या. त्याच रात्री पावणेदहाला वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच सरांची पीडीएफ आली : 'उद्या पहिल्या तासाला प्रकल्प जमा करणे. रंगीत प्रिंट अनिवार्य.' या अनुभवातून सुचलेले काही उपाय नव्याने नोकरीला लागणाऱ्यांसाठी देत आहे.

बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड मुलांना अवश्य दाखवा. ते फोनवर उघडणाऱ्या सरकारी दीक्षा ॲपचं तोंडभर कौतुक करा. मग फाटकावरची 'मोबाइल आणण्यास सक्त मनाई' ही पाटी सर्वांकडून मोठ्याने वाचून घ्या.

टिकटॉकवर बंदी आणा. २०२० च्या जूनमध्ये आणलीच होती म्हणा. जुलैत रील्स आले.

गृहपाठ मात्र चुकूनही फळ्यावर लिहू नका. तो ग्रुपवरच टाका, जेवणं उरकल्यावर, आडवा स्कॅन करून, खालची ओळ कापून. त्यावर साठ पालकांचे 'ओके सर' येऊ द्यात, मधे कुणाचा तरी वाढदिवस साजरा होऊ द्यात, म्हणजे मूळ पीडीएफ शोधायला पोराला अर्धा तास फोन हातात धरावाच लागेल. शोधताना वरून एक नोटिफिकेशन टपकतं. पोरगं तिथे गेलं की सकाळी तुम्ही विचारायला मोकळे, 'रात्रभर काय पाहत होतास?' आणि ते रंगीत प्रिंट! रात्री दहाला झेरॉक्सवाल्याचं शटर बडवणारा बाप कधी पाहिलाय? मी पाहिलाय, तो मीच होतो. मला निदान गाडी काढून दुसरं दुकान शोधता आलं. लेकीच्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी एकच फोन, तो वडिलांबरोबर एमआयडीसीत नाइट शिफ्टला जातो. तिला गृहपाठ कळतो सकाळी, फाटकापाशी, मैत्रिणीकडून. त्या दिवशी ती पहिला तास वर्गाबाहेर उभी होती. मोबाइलच्या विळख्यातून अगदी पूर्ण सुटलेली मुलगी, सर!

आकडेवारी जपून वापरा. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात फोन सोशल मीडियासाठी वापरला होता, ५७ टक्क्यांनी शिक्षणाशी संबंधित कामासाठी. सभेत ७६ तेवढं सांगा. ५७ चं नाव काढलंत तर एखादा आगाऊ पालक विचारेल, या शिक्षणात फॉरवर्ड केलेल्या पीडीएफ किती?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं अनुकरण तर मुळीच करू नका. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास घरोघर टीव्ही-मोबाइल बंद. आपल्याकडे असलं काही सुरू झालं तर प्रकल्पाचे फोटो कोण टाकणार?

शेवटचं : मुलं फोनवर काय करतात, हे त्यांना कधीही विचारू नका. विचारलंत तर पंचाईत होईल. माझी मुलगी मॅचच्या क्लिपा कापून, तालावर बसवून, खाली शुद्ध मराठीत ओळी टाकते. एक ओळ जमेना म्हणून परवा तीनदा खोडली. तिच्या निबंधाच्या वहीत मात्र गाइडमधला उतारा असतो, कारण तुम्हाला तोच चालतो. मुलं उडतउडत बघतात, अर्धवट बघतात, खोट्या बातम्या पुढे ढकलतात, हेही खरंच आहे. मग त्यातला एखादा खोटा व्हिडिओ वर्गात लावून त्याची चिरफाड करायला कुणी अडवलंय तुम्हाला?

वेळ नाही म्हणता ना? माहितीय. वरून येणाऱ्या लिंका, माहिती भरा, फोटो टाका, सगळं 'तातडीचे'. पण तुमच्यावर होतं तेच तुम्ही आमच्या घरात ढकलताय आणि वर आम्हालाच मेंदूची चित्रं दाखवताय. आम्ही पालकही काही सोवळे नाही, तुमचं भाषण चालू असताना निम्मी सभा मांडीवरच्या फोनमध्ये होती. पण त्या पोरीला बाहेर उभं करायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? तिला आत घ्या. आणि उद्याचा गृहपाठ शाळा सुटायच्या आत फळ्यावर लिहा. खडू आहे ना अजून?