कुकर, डिग्री आणि टेक्निकल रायटिंग

परवा परत एकीचा मेसेज, "ताई माझं बीएस्सी बॉटनी झालंय, टेक्निकल रायटिंगमध्ये घेतील का, की आधी कॉम्प्युटरचं काही करू?" अगं मी स्वतः केमिस्ट्रीवाली, पुण्यात १७-१८ वर्षं हेच, म्हणजे सॉफ्टवेअर किंवा मशीन कसं वापरायचं ते वाचणाऱ्याला समजेल असं लिहून द्यायचं काम करतेय आणि एवढ्या वर्षांत ऑफिसात केमिस्ट्री कामी आली ती एकदाच, हळदीचा डाग साबणाने लाल का होतो ते सांगताना. डिटा, म्हणजे मॅन्युअल छोट्या तुकड्यांत लिहायची पद्धत, स्टँडर्ड झाली २००५ मध्ये, तेव्हा मी लॅबमध्ये टायट्रेशन करत होते. एक्सएमएल, गिट, मार्कडाउन, ही लिहायची आणि फाइली सांभाळायची साधनं, सगळं नोकरीत धडपडत शिकले, आता तर गूगलचा टेक्निकल रायटिंगचा फुकट कोर्स आहे.

आमच्याकडे इंटरव्ह्यूला आलेल्यांना मी कुकर लावायच्या स्टेप्स लिहायला देते. एक इंजिनिअर आला होता, डिस्टिंक्शनवाला, इंग्रजी एकदम फर्स्टक्लास. सहावी स्टेप, झाकण उघडा. सातवी स्टेप, वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकण उघडू नका. म्हणजे आधी हात भाजून घ्या, मग सूचना वाचा!! त्याच दिवशी बारावीनंतर शिक्षण सुटलेला, सपोर्टला फोन घेणारा एक मुलगा आला, त्याने पेन उचलायच्या आधीच विचारलं, "मॅडम, वाचणाऱ्याने आधी कधी कुकर लावलाय का?" माझं तिथेच ठरलं.

पण माझ्या ठरण्याला विचारतो कोण. एचआर म्हणाले ग्रॅज्युएट नाही, पॉलिसीत बसत नाही, विषय संपला. दोन दिवस भांडले, काही उपयोग नाही.

म्हणून "डिग्रीला कोण विचारतं" वाल्या पोस्ट वाचल्या की डोकं फिरतं, लिहिणारे बहुतेक स्वतः डिग्री खिशात टाकून बसलेले असतात. कशातली आहे याने फार फरक पडत नाही, पण नसेल तर नोकरीच्या पोर्टलवरच फिल्टर लागतो, तुमच्या लिखाणाचं सॅम्पल कोणी उघडूनही बघत नाही. उद्या अमेरिकेत जायचं म्हटलं तर एच-वन-बी या तिथल्या नोकरीच्या व्हिसालाही बॅचलर्स किंवा त्याच्या तोडीचं काहीतरी दाखवावंच लागतं. मेडिकल रायटिंगचं, म्हणजे औषधं आणि त्यांच्या चाचण्यांबद्दल लिहिण्याचं, वेगळं, तिथे फार्मसी, लाइफ सायन्सवाले आधी बघतात, सो बॉटनीवाल्या बाई, तिकडेही अप्लाय करून ठेव.

तो मुलगा आता मुक्त विद्यापीठातून बीए करतोय. विचारत होता, "मॅडम, विषय कुठला घेऊ?" म्हटलं आवडेल तो घे बाबा, फक्त फॉर्म वेळेत भर.