माउथपीस बदलण्याआधी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नवशिक्यांनी ट्रम्पेट आणि माउथपीस (ओठांना लावायचा, काढता येणारा तुकडा) कसे निवडावेत, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप दोन आहेत. मी मेरठची ट्रम्पेट सरसकट मोडीत काढली, हा पहिला. दुसरा असा, की ‘पहिली दोन वर्षं माउथपीस बदलू नका’ हा माझा सल्ला हौशी वादकाला अडवणारा आहे. तुम्ही 7सी सोडून 3सी घेतलात (ही बाख कंपनीच्या माउथपीसची मापं) आणि पंधरा दिवसांत वरचा सी हा उंच सूर लागायला लागला.

पहिला आक्षेप मला मान्य आहे. मेरठच्या जली कोठी भागात घडलेल्या वाद्यांवर आपल्याकडच्या किती वराती निघाल्या असतील! ‘घेऊच नका’ हे वाक्य मी मागे घेतो. म्हणायचं होतं ते एवढंच, की तिथल्या एका नगात आणि दुसऱ्या नगात फरक असतो, त्यामुळे नुसता फोटो बघून पैसे पाठवू नका. वाद्य हातात घ्या. पहिल्या व्हॉल्व्हची (बोटाने दाबायच्या कळीची) स्लाइड, म्हणजे आत-बाहेर सरकणारी नळी, व्हॉल्व्ह न दाबता, थोडी बाहेर ओढा, दोन-तीन सेकंद थांबा आणि मग व्हॉल्व्ह दाबा. ‘फट्’ असा आवाज आला तर व्हॉल्व्हमधला पिस्टन हवा धरतोय. नाही आला तर तुमची फुंक वाटेतच गळणार, मग पुढे कुठलाही माउथपीस लावला तरी उपयोग नाही. तिसरी स्लाइड वाजवता वाजवता बोटाने सरकते का, तेही बघा. पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह दाबून येणारा खालचा डी हा सूर सगळ्याच ट्रम्पेटवर चढा लागतो. ती स्लाइड जाम असेल तर तो उतरवता येत नाही.

माउथपीसबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. बाखच्या तक्त्यात 7सीचा आतला व्यास 16.20 मिमी आहे आणि 3सीचा 16.30. फरक एक दशांश मिलिमीटरचा. तुमचा सी लागला यावर माझा पूर्ण विश्वास आहे. 7सीच्या रिमची (ओठ टेकतात त्या कड्याची) आतली कड जरा धारदार असते, 3सीची सौम्य, त्यामुळे ओठांना आराम वाटला असेल हेही खरं. पण तुम्हीच लिहिलंय, की आधी आठवड्यातून दोनदा वाजवत होता आणि नवा माउथपीस आल्यापासून रोज तासभर बसता. सी त्या रोजच्या तासानं दिला, असं मला मनापासून वाटतं. ते श्रेय स्वतःकडे घ्या, धातूला देऊ नका.

हे मी अनुभवाने सांगतोय. पहिल्या वर्षात मी तीन माउथपीस घेतले. तिसरा उथळ कपाचा (आतल्या वाटीचा) होता. ‘यावर वरचे सूर आपोआप येतात’ असं विक्रेत्यानं सांगितलं होतं. आवाज जरा चमकदार झाला खरा, पण दहा मिनिटांत ओठ सुजून कपात उतरायचे आणि सूर बंद पडायचा. माझे गुरुजी गोव्याचे. त्यांच्या लहानपणी चर्चच्या संगीतशाळेत आधी सोल्फेज, म्हणजे सूर त्यांच्या नावांनी, गाऊन पक्कं करायचं, वाद्य नंतर. त्यांनी तिन्ही माउथपीस काढून घेतले आणि चार महिने 7सीवर फक्त लांब, हळू सूर धरायला लावले. वरचा सी मला त्यानंतर मिळाला.

बदलायला खरं कारण असेल तर जरूर बदला. जुन्या माउथपीसचा मुलामा उडून पितळ ओठाला लागत असेल, तर आधी तो बदला किंवा पुन्हा मुलामा द्या. ओठ जाड असल्यामुळे रिम लाल भागावर बसत असेल, तर मोठा घ्या. कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच, पण आटोपशीर वाद्य) वाजवत असाल तर कॉर्नेटचाच घ्या. त्याची दांडी बारीक असते, ट्रम्पेटचा माउथपीस कॉर्नेटमध्ये पूर्ण बसत नाही.

यामाहा कंपनीच्या 11बी4 या माउथपीसबद्दल विचारलंत. बाखमध्ये आकडा लहान तसा कप रुंद, यामाहात बरोबर उलट. 11बी4चा व्यास 16.46 मिमी छापलेला आहे, पण सगळे कारखाने कपात सारख्याच खोलवर मोजत नाहीत. दोन तक्ते शेजारी ठेवून निवडू नका, ओठाला लावून ठरवा.

एक विनंती. 3सी आठवडाभर बाजूला ठेवा, 7सीवर रोज तोच एक तास वाजवा आणि वरचा सी लागतो का ते इथेच कळवा. नाही लागला, तर मूळ लेखातला तो सल्ला मी तुमच्या अनुभवासकट दुरुस्त करेन.