एक्स-रे काढलेला गहू खावा का? बिनधास्त खावा

व्हॉट्सॲपवर फिरणारा दावा असा: कीड शोधायला धान्याचा एक्स-रे काढतात, ते किरण दाण्यात मुरतात, असलं बियाणं उगवत नाही, आणि सोंडे चाळताना दिसतातच, मग यंत्रं हवीत कशाला?

किरण मुरत नाहीत. यंत्र बंद झालं की एक्स-रे संपले. कीड बघायला वापरतात ते कमी ऊर्जेचे. त्यांनी धान्य किरणोत्सर्गी होऊच शकत नाही. छातीचा एक्स-रे काढून आलेल्या माणसापासून आपण लांब बसतो का?

उगवत नाही ही समजूत बहुधा कांद्यावरून आली असावी. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं 'कृषक' हे शेतमालाला किरण देणारं केंद्र 2002 पासून आहे. तिथे कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणूनच गॅमा किरण देतात. ती प्रक्रिया झाली. एक्स-रे ही नुसती तपासणी, मात्रा कैक पटींनी कमी. उलट, बी पोकळ आहे की किडकं हे न फोडता बघायची एक्स-रे चाचणी आंतरराष्ट्रीय बियाणे चाचणी संघटनेच्या नियमांतच आहे. तपासलेलं बी पुढे रुजवून बघता येतं, हाच तिचा फायदा.

तिसरा मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो अर्धा खरा आहे. तांदळातल्या सोंड्याची मादी दाणा कोरते, भोकात एक अंडं घालते आणि वरून चिकट बूच लावून टाकते. अळी दाण्याच्या पोटातच वाढते, कोषही तिथेच. उबदार हवेत महिनाभराने किडा बाहेर पडतो, तेव्हा कुठे भोक दिसतं. तोवर दाणा वरून धडधाकट! चाळणीतून पडतात ते बाहेर आलेले किडे. पुढची पिढी पोत्यातच राहते. एक्स-रेत मात्र पोखरलेली जागा वेगळी उमटते. हे 1950 च्या सुमारापासून माहीत आहे. पुढे कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात दिग्वीर जयस यांच्या गटाने एक्स-रेबरोबर उष्णता टिपणारे कॅमेरेही गव्हावर वापरून पाहिले.

यंत्र विकणारेही थोडं फुगवून सांगतात, ते वेगळं. दाणे एका थरात पसरावे लागतात, त्यामुळे चित्र निघतं ते नमुन्याचं, अख्ख्या पोत्याचं नाही. ताजं अंडं सहसा सापडत नाही. धुरी दिल्यावर आतली अळी मेली की जिवंत, हे एका चित्रावरून सांगणं कठीण. मोबाईलने पोत्याचा फोटो काढून तर काहीच कळत नाही. आणि मूग-चवळीला एक्स-रेची घाई नको: भुंगेऱ्याची पांढरी अंडी दाण्यावरच चिकटलेली असतात, उजेडात धरली की नुसत्या डोळ्यांनी दिसतात.