रोझा पार्क्स यांचे पाय दुखत नव्हते

१ डिसेंबर, म्हणजे रोझा पार्क्स यांच्या अटकेचा दिवस, जवळ आला की त्यांच्याबद्दल एक मेसेज फिरायला लागतो. दिवसभर शिवणकाम करून दमलेली एक काळी म्हातारी अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहराच्या बसमध्ये गोऱ्यांच्या सीटवर बसली, पाय दुखत होते म्हणून उठली नाही, तिला अटक झाली. मग मार्टिन ल्यूथर किंग यांनी बहिष्कार पुकारला आणि कायदा बदलला. मजकूर एवढासा, पण गफलती ठायी ठायी.

म्हातारी? १९५५ साली रोझा पार्क्स ४२ वर्षांच्या होत्या. गोऱ्यांची सीट? तेव्हा तिथल्या बसमध्ये पुढच्या जागा गोऱ्यांसाठी राखीव असत, पण त्या बसल्या ती रांग काळ्यांना मुभा असलेलीच होती. पुढच्या जागा भरल्यावर ड्रायव्हरने ती रिकामी करायला सांगितली. आपण दमलो होतो ते फक्त सतत नमतं घेऊन, असं त्यांनी स्वतःच पुढे लिहिलंय. शिवाय त्या १९४३ पासून एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस. १९४४ मध्ये गोऱ्या टोळक्याने रेसी टेलर या तरुणीवर बलात्कार केला, तेव्हा तिची हकीकत टिपून घ्यायला गेल्या त्याही रोझाच.

अटकेनंतर लोक आपोआप उठले असंही नाही. अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या जो अॅन रॉबिन्सन विमेन्स पोलिटिकल कौन्सिल या काळ्या स्त्रियांच्या संघटनेच्या अध्यक्ष होत्या. मे १९५४ मध्येच त्यांनी महापौरांना पत्र लिहून बहिष्काराची कुणकुण दिली होती. अटकेच्या रात्री त्या कॉलेजच्या सायक्लोस्टाइल यंत्रापाशी गेल्या आणि एक सहकारी व दोन विद्यार्थ्यांना हाताशी धरून पहाटेपर्यंत हजारो पत्रकं काढली. आणखी एका बाईला अटक झालीय, पुढची पाळी तुमची, तुमच्या मुलीची किंवा आईची असू शकते, सोमवारी बसने जाऊ नका, असा मजकूर. कॉलेज सरकारी पैशावर चालणारं, म्हणजे नोकरीच पणाला लावली होती. सकाळी तास घेतला आणि मग गठ्ठे वाटायला निघाल्या!

५ डिसेंबरच्या सोमवारी सकाळी बस रिकाम्या धावल्या. बहिष्कार चालवणाऱ्या संघटनेच्या अध्यक्षपदी किंग यांची निवड झाली ती त्या दुपारी. त्यांचं मोल याने कमी होत नाही. घरावर बॉम्ब पडला तरी चिडलेल्या जमावाला त्यांनीच शांत केलं. पण ३८१ दिवस बस सोडणाऱ्यांत मोठा भरणा गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक-धुणी करणाऱ्या बायकांचा होता. जॉर्जिया गिलमोर आणि त्यांच्या मैत्रिणी केक, जेवण विकून आंदोलनाला पैसे पुरवत.

आता कायदा. बसमध्ये गोऱ्या-काळ्यांना वेगळं बसवण्याचा नियम रद्द झाला तो ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ खटल्यात. ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनाल्ड, मेरी लुईझ स्मिथ आणि क्लॉडेट कोल्विन या चौघी वादी. कोल्विनने रोझांच्या नऊ महिने आधी, १५ वर्षांची असताना सीट सोडायला नकार दिला होता. नेत्यांना मात्र ती चळवळीचा चेहरा म्हणून सोयीची वाटली नाही. साक्षीत शहराच्या वकिलाने तिला पुढारी कोण ते विचारलं. आमचे पुढारी आम्हीच, असं ती म्हणाली. १३ नोव्हेंबर १९५६ ला सर्वोच्च न्यायालयाने चौघींच्या बाजूचा निकाल कायम केला. रोझा पार्क्स या खटल्यात वादी नव्हत्याच.