सगळे वेकअप बंद करायची ती स्क्रिप्ट चालवू नका

लिनक्सवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘२०१७मध्ये कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) वेकअपचा, म्हणजे झोपलेलं मशीन जागं करण्याचा, कोड सोपा केला, तेव्हापासून कुठलंही डिव्हाइस झोपलेल्या लॅपटॉपला उठवतं. म्हणून तो बॅगेत तापतो. सोबतची स्क्रिप्ट चालवा आणि कर्नलचे अपडेट थांबवा.’ माझ्या भाच्याने ती चालवली, आणि लॅपटॉप आता पहिल्यापेक्षा जास्त वेळा उठतो.

उठणारच! एसीपीआय म्हणजे हार्डवेअरची वीज सांभाळायची व्यवस्था. कोणकोणतं डिव्हाइस मशीनला उठवू शकतं याची तिची यादी एका फाइलमध्ये दिसते, आणि ही स्क्रिप्ट त्या यादीतलं एकेक नाव त्याच फाइलमध्ये लिहिते. त्या फाइलला ‘बंद कर’ असं सांगताच येत नाही. नाव लिहिलं की स्थिती उलटते, चालूचं बंद आणि बंदचं चालू. भाच्याच्या यादीत यूएसबी कंट्रोलर आधी बंद होता, तो चालू झाला. झाकणाचा सेन्सर चालू होता, तो बंद झाला. आता वायरलेस कीबोर्डचं एखादं बटण बॅगेत दाबलं गेलं तरी लॅपटॉप उठतो, आणि झाकण उघडलं तर ढिम्म. शेवटी त्याने पॉवर बटण दाबून धरलं, मशीन तडक बंद पडलं आणि सेव्ह न केलेला प्रोजेक्ट रिपोर्ट गेला. ज्याने ही स्क्रिप्ट पाठवली त्याने चालवल्यावर ती यादी एकदा तरी वाचायला हवी होती.

आता २०१७चं. कर्नलचे डेव्हलपर रफाएल व्हिसॉत्स्की यांनी तेव्हा कोड आटोपशीर केला हे खरं. कॉम्प्युटर चालू असताना एखादंच डिव्हाइस झोपलेलं असणं आणि अख्खा कॉम्प्युटर झोपलेला असणं, या दोन्हींसाठी वेकअपची मांडणी वेगवेगळी होती. हार्डवेअरला सिग्नलसाठी तयार करायचं काम दोन्हीकडे सारखंच, म्हणून ते एकत्र केलं. कोणाला उठवू द्यायचं, हा परवानगीचा प्रश्न कोडच्या वरच्या पातळीवर होता तिथेच राहिला: सिस्टिम झोपताना प्रत्येक डिव्हाइसची वेकअप सेटिंग आजही तपासली जाते. कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय की बहुतेक डिव्हाइसना ही सेटिंग सुरुवातीला बंदच असते. मुख्य अपवाद पॉवर बटण, कीबोर्ड आणि वेक-ऑन-लॅन (नेटवर्कवरून मशीन उठवायची सोय) लावलेलं इथरनेट कार्ड. शिवाय पीसीआय एक्स्प्रेस पोर्टसारखी, दुसऱ्याचा सिग्नल नुसता पुढे पाठवणारी डिव्हाइस. ‘कुठलंही डिव्हाइस’ यात कुठे बसतं?

बॅगेत लॅपटॉप तापतो, एवढं मान्य करावं लागेल. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत जुनी एस-३ झोप (मेमरी सोडून जवळपास सगळं बंद करणारी) उरलेलीच नाही, एस-टू-आयडल (प्रोसेसर नुसता निवांत ठेवणारी हलकी झोप) तेवढी आहे, आणि तिच्यात किरकोळ इंटरप्टनेही, म्हणजे हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेल्या हाकेनेही, तो जागा होऊ शकतो. पण त्याचा २०१७च्या त्या बदलाशी काही संबंध नाही.

अपडेट थांबवले तर सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात. यावर आणखी काय बोलायचं!

लॅपटॉप आपोआप उठला, तर सिसएफएसच्या (कर्नलच्या सेटिंग फाइलरूपात दाखवणाऱ्या /sys या फोल्डरच्या) पॉवर फोल्डरमधली ‘पीएम वेकअप आयआरक्यू’ (pm_wakeup_irq) ही फाइल वाचा. कुठल्या इंटरप्टने उठवलं त्याचा नंबर तिथे मिळतो. त्यावरून डिव्हाइस शोधा आणि सिसएफएसमधल्या फक्त त्याच्याच वेकअप फाइलमध्ये ‘डिसेबल्ड’ (disabled) लिहा. इथे उलटापालट होत नाही, लिहाल तेच लागू होतं.